निवडक गाण्यांचा इतिहास: कारध्याच्या एका कपाटातून

 

आजचा विषय ऐकून काही जण हसले, ते मी पाहिलं. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस, गाव वैनगंगेच्या काठावरचं, आणि विषय काय, तर इंग्रजी पॉप आणि रॉक गाण्यांचे निवडक संग्रह. पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही, हे तासाभरात तुम्हाला पटेल अशी आशा आहे.

माझ्या घरी एक कपाट आहे. त्यात पन्नासेक वर्षांत जमलेल्या तबकड्या, कॅसेटी आणि सीडी आहेत. त्यातल्या बहुतेक सगळ्या 'निवडक' आहेत. कुणा एका गायकाची 'सर्वोत्तम गाणी', नाहीतर एका वर्षाची गाजलेली गाणी, नाहीतर दहा वेगवेगळ्या बँडची एकेक रचना. इंग्रजीत याला कम्पायलेशन म्हणतात. रीतसर संग्राहक अशा मालाकडे ढुंकून पाहत नाहीत. त्यांना मूळ अल्बम हवा असतो, पहिली आवृत्ती हवी असते. म्हणून या कपाटाला बाजारात किंमत नाही. घरातली तरुण मंडळी विचारतात, आणि त्यांचं चुकत नाही, की तुमच्यामागे याचं काय करायचं? सगळी गाणी आता फोनवर मिळतात.

तर प्रश्न असा, की निवडक गाण्यांचा संग्रह हा इतिहासाचा पुरावा आहे की भंगार? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. तो पुरावा आहे, आणि काही बाबतींत मूळ अल्बमपेक्षा चांगला पुरावा आहे. का, ते आता पाहू.

अल्बम या शब्दापासून सुरुवात

जुनी ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेपासून बनायची. ही लाख म्हणजे आपल्या झाडीतल्या पळसावर आणि कुसुमावर किडा जी तयार करतो तीच. गोंदिया-भंडाऱ्याच्या माणसाला लाख काय असते हे सांगायला नको. एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात सुरू झालं. फ्रेड गेसबर्गने गौहर जानचा आवाज तेव्हा मुद्रित केला. बड्या ख्यालाला त्या वेळी तीन मिनिटांत बसवावं लागलं, हे तुम्ही ऐकलं असेल.

एखादी मोठी रचना विकायची तर अनेक तबकड्या लागत. त्या पुस्तकासारख्या बांधलेल्या जाड पाकिटांच्या गठ्ठ्यात ठेवत. फोटोंच्या अल्बमसारखा तो दिसे, म्हणून त्यालाही अल्बम म्हणू लागले. पुढे १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने लाँग प्ले तबकडी आणली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली, आणि पाकिटांचा गठ्ठा जाऊन एकच तबकडी उरली. नाव मात्र अल्बमच राहिलं. म्हणजे बघा, 'अल्बम' या शब्दाचा अर्थ मुळातच संग्रह आहे. 'मूळ अल्बम खरा आणि निवडक संग्रह नकली' असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

निवड करणं आपल्याला नवं नाही

आपल्याकडचं सर्वांत जुनं मोठं काव्य कोणतं? गाथासप्तशती. महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा, सातवाहन राजा हाल याच्या नावावर. त्या सगळ्या हालाने लिहिल्या का? नाही. कोटी गाथांमधून सातशे निवडल्या, असं तो ग्रंथच सांगतो. कोटी हा आकडा अलंकारिक धरा. पण निवडणाऱ्याने आपल्या निवडीचा अभिमान बाळगला, हे महत्त्वाचं. ज्या निवडल्या गेल्या नाहीत त्या गाथा गेल्या. ज्या निवडल्या गेल्या, त्यांच्यामुळे त्या काळातली शेतं, नद्या, घरातली भांडणं आज आपल्याला दिसतात.

दुसरं उदाहरण नामदेवांचं. गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. मराठी अभंग इकडे वारकऱ्यांनी जपले. पण उत्तरेतली ही पदं ज्या अधिकृत रूपात टिकली, ती एका संकलकाच्या निर्णयामुळे.

तिसरं उदाहरण शाळेतलं. परशुरामपंत गोडबोले यांनी १८५४ मध्ये 'नवनीत' हा मराठी कवितांचा वेचा काढला. ज्ञानेश्वर, मुक्तेश्वर, वामन, मोरोपंत यांची ओळख कितीतरी पिढ्यांना त्या एका पुस्तकातून झाली. सगळा मोरोपंत किती जणांनी वाचला असेल? 'नवनीत'मधला मात्र घराघरांत पोचला. नावातच सिद्धांत आहे, दूध नको, दही नको, लोणी तेवढं घ्या. आता लोणी कुणी काढलं, किती घुसळलं आणि ताकाचं काय झालं, हे इतिहासकाराने विचारायचं असतं. तेच प्रश्न मी माझ्या कपाटाला विचारतो.

तिकडे काय झालं

आता समुद्रापलीकडे जाऊ. १९५२ साली न्यूयॉर्कच्या फोकवेज कंपनीने 'अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक' नावाचा संच काढला. सहा एल.पी., ८४ गाणी. ती सगळी हॅरी स्मिथ नावाच्या एका अवलियाच्या खाजगी संग्रहातून घेतलेली. १९२७ ते १९३२ या काळातल्या त्या तबकड्या. बाजारातून उठलेल्या, लोक विसरलेल्या. स्मिथने त्यांची मांडणी तीन भागांत केली. बॅलड, सामाजिक संगीत आणि गाणी. गायक गोरा की काळा, हे त्याने सोबतच्या पुस्तिकेत लिहिलंच नाही. त्या काळच्या अमेरिकेत तबकड्यांच्या जाहिरातीसुद्धा वर्णानुसार वेगळ्या असत. स्मिथने एकही भाषण न देता, नुसत्या मांडणीने ती भिंत बाजूला केली.

या संचाचा १९५०-६० च्या लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनावर, बॉब डिलनच्या पिढीवर मोठा परिणाम झाला. यात मिसिसिपी जॉन हर्ट नावाच्या गायकाची १९२८ मधली गाणी होती. हा माणूस कुठे गेला, कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्याच एका जुन्या गाण्यातल्या गावाच्या नावावरून १९६३ मध्ये चाहत्यांनी त्याला शोधून काढलं. तो गावात शेतीच्या कामावर होता. सत्तरीला आलेल्या त्या माणसाला पुन्हा मंच मिळाला. संग्रह जिवंत माणसापर्यंत पोचवतो, तो असा.

हा झाला प्रेमापोटी केलेला संग्रह. धंद्यापोटी केलेलाही एक प्रवाह आहे. १९५८ मध्ये कोलंबियाने जॉनी मॅथिसची गाजलेली गाणी 'जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स' या नावाने काढली. 'ग्रेटेस्ट हिट्स' हा प्रकार तिथून रुजला असं सर्वसाधारणपणे मानतात. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ती तबकडी ४९० आठवडे होती. म्हणजे नऊ वर्षांहून जास्त! पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, आर्ट लॅबो या रेडिओ निवेदकाने 'ओल्डीज बट गुडीज' काढली. चार-पाच वर्षांपूर्वीची गाणी 'जुनी' म्हणून विकता येतात, हा शोध त्याचा. आठवण हा विकायचा माल आहे, हे कंपन्यांना तेव्हा कळलं.

मग कॅनडातल्या विनिपेगच्या फिलिप काइव्ह्सने १९६६ मध्ये के-टेलचा पहिला संग्रह काढला. हा गृहस्थ तवे आणि भाजी चिरायची यंत्रं टीव्हीवर जाहिरात करून विकायचा. त्याच पद्धतीने त्याने गाणी विकली. एका तबकडीवर वीस किंवा त्याहून जास्त गाणी. आता वीस गाणी बसवायची तर खाचा अरुंद कराव्या लागतात, आवाज बारीक होतो, आणि गाण्यांची कडवीही कापावी लागतात. म्हणून जाणकार नाक मुरडतात. पण ज्या घरात वर्षाला एकच तबकडी यायची, त्या घराला वीस गाणी म्हणजे चैन होती.

१९७२ मध्ये लेनी के या समीक्षकाने इलेक्ट्रा कंपनीसाठी 'नगेट्स' हा जोडसंच केला. १९६५ ते ६८ मधल्या, गॅरेजमध्ये सराव करणाऱ्या छोट्या बँडची २७ गाणी. एकेका गाण्यापुरते चमकून गेलेले हे बँड. ते वेगवेगळे असताना अपयशी वाटत होते. एकत्र ठेवल्यावर ते एक 'शैली' झाले, आणि पुढच्या पंक संगीताला पूर्वज मिळाले.

आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये व्हर्जिन आणि ई.एम.आय. यांनी मिळून 'नाऊ दॅट्स व्हॉट आय कॉल म्युझिक' काढलं. ३० गाणी, त्यातली ११ पहिल्या क्रमांकाची. हे नाव एका डॅनिश बेकनच्या जुन्या जाहिरातीवरून घेतलं होतं. ही मालिका आजही चालू आहे. असे संग्रह इतके खपू लागले, की जानेवारी १९८९ पासून ब्रिटनच्या मुख्य अल्बम यादीतून त्यांना काढून वेगळी यादी करावी लागली. मूळ अल्बमांना जागा उरेना! तरी ब्रिटनमध्ये आजवर सर्वाधिक खपलेला अल्बम कोणता? क्वीन या बँडचा १९८१ मधला 'ग्रेटेस्ट हिट्स'. म्हणजे निवडकच.

इकडे कसं आलं

आता आपल्याकडे येऊ. वरठीचं भंडारा रोड स्थानक हावडा-नागपूर-मुंबई मार्गावर आहे. एका टोकाला कलकत्त्याजवळ दमदमचा ग्रामोफोन कंपनीचा कारखाना, दुसऱ्या टोकाला मुंबई. आपण मधे. आमच्या तरुणपणी परदेशी तबकडी आयात करणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होतं, परवाने आणि जकात दोन्ही आड यायचे. दमदमला छापलेल्या परदेशी गाण्यांच्या भारतीय आवृत्त्या मिळत. त्यातल्या एखाददुसऱ्या नागपुरात सीताबर्डीवर दिसायच्या.

त्याआधी कानावर पडला तो रेडिओ. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून सिनेसंगीत हटलं. श्रोते सिलोनकडे गेले. त्याच वर्षी डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. विविध भारती आली ती १९५७ मध्ये. गीतमालेचा शब्द नीट बघा, माळ. दर आठवड्याची निवड, आणि वर्षअखेर वर्षभराची निवड. गाण्यांना क्रमांक असतात, ती वर चढतात आणि खाली उतरतात, ही कल्पना आपल्या घराघरांत तिने रुजवली. इंग्रजी हिट परेडचाच तो साचा होता. त्यामुळे पुढे इंग्रजी 'टॉप ट्वेंटी'ची तबकडी हातात आली, तेव्हा भाषा परकी होती, रीत परकी नव्हती.

आता या कपाटाच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. भारतातल्या तरुणांनी स्वतः रॉक संगीत केलं, त्याचा पुरावा कुठे आहे? १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई, मद्रास, कलकत्ता, बंगळूर, शिलाँग इथे कॉलेजातल्या मुलांचे बँड होते. इंपीरियल टोबॅको कंपनीने आपल्या सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी 'सिमला बीट' ही अखिल भारतीय स्पर्धा भरवली. तिच्यातल्या बँडची गाणी १९७० आणि १९७१ मध्ये दोन तबकड्यांवर आली. मद्रासचा कन्फ्यूजन्स, बंगळूरचा डायनोसॉर्स, शिलाँगचा फेंटोन्स, कलकत्त्याचा ग्रेट बेअर. या मंडळींपैकी बहुतेकांना स्वतःचा अल्बम कधीच मिळाला नाही. ते नोकऱ्यांत गेले, परदेशी गेले, विखुरले. या दोन संग्रहांव्यतिरिक्त त्यांचा आवाज जवळजवळ उरलेला नाही. पुढे परदेशी संग्राहकांनी या तबकड्या पुन्हा छापल्या, तेव्हा कुठे आपल्या लोकांना कळलं, की अरे, आपल्याकडेही असं काही होतं.

यातला विरोधाभास ध्यानात घ्या. सिगारेट विकण्यासाठी काढलेली तबकडी. हेतू व्यापारी, आणि वस्तूही आरोग्याला घातक. पण एका पिढीच्या संगीताची स्मृती तिच्यातच वाचली. हेतूवरून पुराव्याची किंमत ठरत नाही. ताम्रपट राजाने दान सांगायला कोरला, आपण त्यातून शेतसारा शोधतो. तसंच हे.

भरून घेतलेली कॅसेट

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट आणली. आपल्याकडे तिचं खरं राज्य सुरू झालं ते सत्तरीच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात. आखातातून येणाऱ्या माणसाच्या हातात टू-इन-वन असायचा. १९८३ मध्ये गुलशन कुमार यांनी सुपर कॅसेट्स ही कंपनी सुरू केली, आणि कॅसेट पानाच्या ठेल्यापर्यंत पोचली. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ मध्ये 'कॅसेट कल्चर' नावाचं पुस्तक लिहिलं. ध्वनिमुद्रण मूठभर कंपन्यांच्या हातून सुटून प्रादेशिक भाषांकडे, भजनाकडे, लोकगीताकडे कसं गेलं, ते त्यात दाखवलं आहे. आपल्या विदर्भात तर हे डोळ्यांनी दिसत होतं. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांची गाणी, भीमगीतं, पोवाडे, दंडारीचे आणि नाटकांचे संवाद, आणि त्याच लाकडी फळीवर शेजारी ॲबा आणि बोनी एम. एकच दुकान, एकच फळी. संस्कृतीचा अभ्यास करणारे याचे वेगवेगळे विभाग पाडतात. दुकानदाराने पाडले नव्हते.

आणि त्याच दुकानात कॅसेट 'भरून' मिळायची. आपला शब्द किती नेमका आहे पाहा. पोतं भरावं, दिवाळीचे करंजी-कानवले भरावे, तशी कॅसेट भरायची. कागदावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, साठची की नव्वदची ते सांगायचं, आणि चार दिवसांनी न्यायची. साठची म्हणजे दर बाजूला तीस मिनिटं. साडेतीन मिनिटांची गाणी धरली, तर दोन्ही बाजू मिळून सोळा-सतरा गाणी. शेवटचं गाणं हमखास अर्ध्यावर तुटायचं. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या डोक्यात काही गाणी आजही तिथेच तुटतात.

कायद्याने हे चूक होतं, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. गायकाला, कवीला, वादकाला त्यातून छदाम मिळत नव्हता. १९८४ मध्ये कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला, चोरट्या प्रतींसाठी शिक्षा वाढली. त्याच दुरुस्तीने ध्वनिमुद्रिकेवर निर्मात्याचं नाव-पत्ता, हक्क कुणाचा आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष छापणं बंधनकारक झालं. इतिहासकाराला हे फार उपयोगी पडतं. रीतसर कॅसेटच्या आतल्या कागदावर वर्ष सापडतं, परवाना कुणाचा ते सापडतं, किंमत सापडते. भरून घेतलेल्या कॅसेटवर यातलं काहीच नसतं. पण तिच्यावर दुसरं काही असतं, ते म्हणजे निवडणाऱ्याचं हस्ताक्षर. कंपनीची कॅसेट सांगते, काय विकलं जात होतं. भरलेली कॅसेट सांगते, कारध्यातल्या, भंडाऱ्यातल्या एका माणसाला त्यातलं काय हवं होतं. कुठलीही कंपनी ही दुसरी माहिती देऊ शकत नाही.

इंग्रजी गाण्यांची नावं देवनागरीत, ऐकू आली तशी लिहिलेली, अशा कॅसेटी माझ्याकडे आहेत. भाषा समजत नसताना माणूस गाणं कसं ऐकतो, याचा तो लेखी पुरावा आहे. तो कुठल्याच फोनवर मिळणार नाही.

निवड खोटं बोलते का?

आता एक आक्षेप घेऊ, आणि तो खरा आक्षेप आहे. निवड म्हणजे वगळणं. मग असा संग्रह इतिहास दाखवतो की लपवतो?

बीटल्सचं उदाहरण घ्या. १९७३ मध्ये त्यांचे दोन जोडसंच निघाले, लाल पाकिटातला १९६२ ते ६६ चा आणि निळ्या पाकिटातला १९६७ ते ७० चा. जगभर कितीतरी लोकांना बीटल्स माहीत झाले ते या दोन संचांतून. लाल संचात २६ गाणी होती. सगळी लेनन-मॅकार्टनी यांची. जॉर्ज हॅरिसनची स्वतःची रचना एकही नव्हती. निळ्या संचात त्याची चार होती, पण भारतीय वादकांना घेऊन त्याने १९६७ मध्ये केलेलं 'विदिन यू विदाउट यू' त्यात नव्हतं. हा तोच हॅरिसन, जो जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत आपल्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण करून गेला. २०२३ मध्ये दोन्ही संच वाढवून पुन्हा काढले, तेव्हा लाल संचात हॅरिसनची दोन गाणी आली, आणि निळ्या संचात ते भारतीय वळणाचं गाणंही आलं.

म्हणजे पन्नास वर्षांत गाणी बदलली नाहीत, बीटल्स कोण होते याबद्दलचं मत बदललं. आणि हा बदल दिसतो कशामुळे? १९७३ चा संच कुणीतरी ठेवला म्हणून. फोनवर फक्त नवी यादी असेल, जुनी गपचूप नाहीशी झालेली असेल, तर मत बदललं हे कळणारही नाही. तेव्हा निवड खोटं बोलते, हे मान्य. पण खोटं बोलणारा साक्षीदारही उपयोगी असतो, जर त्याने कधी काय सांगितलं याची नोंद ठेवली असेल तर.

स्वस्त संग्रहांत आणखी एक प्रकार होतो. पाकिटावर मूळ गायकाचं नाव असतं, पण आत त्याच गायकाने पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा गायलेलं गाणं असतं, कारण मूळ मुद्रणाचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे असतात. आपल्याकडे जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेऊन विकली जायची, त्याचाच हा भाऊ. आजही ॲपवर अशी पुनर्गायनं मूळ म्हणून वाजतात. जुनी तबकडी शेजारी ठेवल्याशिवाय फरक सांगता येत नाही.

वन आणि झाडं

माझ्या मूळ विषयाला थोडा वेळ द्या. न्यायसूत्रांत अवयव आणि अवयवी यांचा मोठा वाद आहे. घट म्हणजे परमाणूंचा नुसता ढीग, की त्याहून वेगळी एक वस्तू? तिथे सेना आणि वन यांचा दृष्टान्त येतो. दुरून आपल्याला वन एक दिसतं, जवळ गेलं की झाडंच असतात. मग वन नावाची वेगळी वस्तू आहे का? नैयायिक घटाला खरा अवयवी मानतो, वनाला मानत नाही. वन म्हणजे बहुत्वाला दिलेलं नाव.

निवडक गाण्यांचा संग्रह घटासारखा की वनासारखा? माझं मत असं, की तो वनासारखाच आहे. गाणी स्वतंत्रपणे जगू शकतात, कुठल्याही संग्रहात जाऊ शकतात. पण झाडीपट्टीतला माणूस हेही जाणतो, की वनात झाड कुठे उभं आहे, कशाच्या सावलीत आहे, यावर त्याची वाढ ठरते. वन ही वेगळी वस्तू नसेल, पण झाडांमधले संबंध खरे असतात. गाण्यांचंही तसंच. 'नगेट्स'मधली गाणी सुटी होती तेव्हा अपयशं होती, शेजारी-शेजारी आली तेव्हा परंपरा झाली. हा संबंध गाण्यांच्या फाइलमध्ये नसतो, तो क्रमात असतो. म्हणून क्रम जपला पाहिजे. आणि म्हणूनच 'सगळी गाणी फोनवर आहेत' हे उत्तर अपुरं आहे. झाडं आहेत, वन नाही.

मग करायचं काय

शेवटी व्यवहाराचं बोलू. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला जो पूर आला, तो तुम्ही सगळ्यांनी पाहिला. भंडाऱ्यात, कारध्यात घराघरांत पाणी शिरलं. माणसं वाचवायची की कॅसेटी, असा प्रश्नच नसतो, माणसंच वाचवायची. पण पाणी ओसरल्यावर कितीतरी घरांतून ओल्या कॅसेटी, फोटो, वह्या थेट कचऱ्यात गेल्या. ओली कॅसेट लगेच वाजवू नये, उन्हात किंवा हीटरजवळ तापवू नये. स्वच्छ, शक्य तर डिस्टिल्ड पाण्याने चिखल धुवावा, सावलीत वाऱ्यावर हळूहळू वाळवावी, मग एकदाच वाजवून संगणकात उतरवून घ्यावी. फितीवरचा लोहाचा थर आणि त्याला धरून ठेवणारा चिकट पदार्थ दमट हवेत तसाही सुटत जातो. पूर नसला तरी आपल्या हवेत कॅसेटीला फार आयुष्य नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९७० ची सिमला बीट तबकडी मुद्रण म्हणून २०३० संपताना मोकळी होईल, १९७१ ची त्याच्या पुढच्या वर्षी. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते रचनाकाराच्या हयातीवर मोजले जातात. पण खरा प्रश्न कायदा कधी मोकळं करील हा नाही. तोपर्यंत वाजवण्याजोगी प्रत उरेल का, हा आहे.

तिसरी गोष्ट नोंदीची. मुंबईत १९९० मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था सुरू झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक चालवलं, तबकड्यांचे क्रमांक, लेबलं, तारखा नोंदवल्या. मोठी यंत्रणा नसताना, नोकऱ्या सांभाळून केलेलं हे काम आहे. त्यांचा भर साहजिकच जुन्या ७८ च्या तबकड्यांवर, शास्त्रीय आणि नाट्यसंगीतावर होता. कॅसेटीची, त्यातही भरून घेतलेल्या कॅसेटीची अशी नोंद आपल्या जिल्ह्यात कुणी करायची? बाहेरून कुणी येणार नाही.

म्हणून मी माझ्या कपाटाचं एवढंच ठरवलं आहे. वस्तू राहतील की नाही, हे माझ्या हातात नाही. यादी मात्र पुरी करायची. प्रत्येक वस्तूची एक ओळ: काय आहे, कुणी काढली, वर्ष कोणतं, गाण्यांचा क्रम कसा, कुठून आली, भरलेली असेल तर यादी कुणाच्या सांगण्यावरून झाली. कोर्टात जसा वस्तूइतकाच पंचनामाही लागतो, तसं हे आहे. पंचनामा नसेल तर वस्तू मुकी होते.

तुमच्या घरी असं कपाट असेल, निदान माळ्यावर एखादा खोका असेलच. त्यात इंग्रजी गाणी असोत, भीमगीतं असोत, लग्नात वाजवायला भरून घेतलेली कॅसेट असो. या दिवाळीच्या साफसफाईत तो खाली काढा. भंगारवाल्याला द्यायचा तर द्या, माझी तक्रार नाही. पण देण्याआधी एक वही घ्या, आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून प्रत्येक कॅसेटबद्दल एक ओळ लिहा. ते माणूस आहे तोवरच ती ओळ मिळेल.

कुणाला प्रश्न असतील तर विचारा.